मेळघाटातले मिशनघर

१९९८च्या जूनमध्ये आम्ही नगर जिल्हा सोडून मेळघाटात राहायला गेलो. हे पाळक, मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स, थोरली नुकती शाळेत जायला लागलेली आणि धाकटा अजून कडेवर. धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासी गावाच्या टोकाला मिशनचे जुने घर होते. वर कवेलू, मातीच्या भिंती, दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. पडवीत आठवडाभर दवाखाना चालायचा, रविवारी तिथेच चटया टाकून उपासना व्हायची, आणि आत आमचा संसार. माहेरच्यांनी धास्तीच घेतली होती. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या माणसाला मेळघाट म्हणजे कुपोषण एवढेच माहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "तिथं माणसं राहतातच ना, मग तुम्हीही राहाल. फक्त कुणाला दारातून परत धाडू नका."

परतवाडा सोडले की एस.टी. घाटाला लागते आणि घटांगच्या पुढे दोन्ही बाजूंनी सागाचे जंगल अंगावर येते. सेमाडोहला सिपना नदी, मग हरिसाल, मग धारणी. या रस्त्याचा बराच भाग व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून जातो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट आहे. तिथे राहायचे म्हणजे जंगलाचे नियम घरात आणावे लागतात. सरपण कुठून आणायचे आणि कुठून नाही, दिवेलागणीनंतर कोणत्या पाऊलवाटेला लागायचे नाही, नाल्याच्या चिखलात ताजे ठसे दिसले तर आधी कुणाला सांगायचे, हे सगळे स्वयंपाकपाण्याच्या बरोबरीने शिकलो.

दिवस हापशीवर सुरू व्हायचा. मी पहिल्यांदा घागर घेऊन गेले तेव्हा बायका बाजूला सरकल्या. "बाई, तुम्ही भरा." मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. कुणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी कुणी सरकलेही नाही, आणि मला ते फार बरे वाटले. पाणी आले की चूल, मग मुलांची आंघोळ, मग घरची प्रार्थना. हे एक भजन म्हणायचे, शक्यतो नारायण वामन टिळकांचे, थोरली शास्त्रपाठ वाचायची. तोवर पडवीच्या पायरीवर तापाने फणफणलेले कुणीतरी येऊन बसलेले असायचे. मग प्रार्थना आटोपती घ्यायची.

रात्रीची शिस्त सगळ्यांत कडक. जमिनीवर अंथरूण टाकायचे नाही. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, ती रात्री फिरते, आणि चावली तरी झोपलेल्याला कित्येकदा कळत नाही. जागेवर सूज नाही, दुखणे नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते आणि मग श्वास. असे रोगी मी पाहिलेले असल्यामुळे मुले कुरकुरली तरी बाजेवरच झोपायची, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली आहे का हे ह्यांनी कंदील घेऊन बघितल्याशिवाय दिवा जायचा नाही. त्याच मच्छरदाणीने हिवतापापासूनही वाचवले. सकाळी चपला, बूट झटकून घालायचे. धाकट्याला चालायला यायच्या आधी चप्पल झटकायला येत होती.

दवाखान्यात मुख्यतः ताप, हगवण, खोकला. हिवतापासाठी रक्ताची काच घ्यायची, गोळ्या द्यायच्या, मीठ-साखरेचे पाणी आईच्या हातून पाजून दाखवायचे. न्यूमोनियाचे मूल असेल तर श्वास मोजायचे आणि लगेच धारणीला. मला सगळ्यांत जड गेले ते डंबा पाहणे. बाळाचे पोट फुगले, ते रडायचे थांबेना, की विळा तापवून पोटावर चटके देतात. पहिल्यांदा एका तान्ह्या मुलाच्या पोटावर ओळीने उठलेले डाग पाहिले तेव्हा माझे हात थरथरले. त्याची आई माझ्याकडे बघत होती. तिने मुलाला वाचवायलाच ते करून घेतले होते, हे तिच्या तोंडावर दिसत होते. तिला मी रागावले असते तर ती पुन्हा आली नसती. जखमा पुसल्या, मलम लावले आणि पोट का फुगते ते सांगितले.

मग ह्यांनी ठरवले की भूमकाला भेटायचे. भूमका म्हणजे गावचा पुजारी आणि वैद्यही. लोक आजारपणात आधी त्याच्याकडे जाणार हे उघड होते, तर त्याला टाळून काय मिळणार? हे त्याच्या अंगणात जाऊन बसले, चहा प्याले, शेतीच्या गोष्टी झाल्या. औषधाचा विषय निघायला बरेच दिवस लागले. हळूहळू तो तापाची मुले आमच्याकडे पाठवायला लागला, स्वतः जडीबुटी देऊन झाल्यावर का होईना. पुढे सरकारी आरोग्य खात्यानेही भूमकांना बरोबर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी याच तालुक्यात आयुष्य घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही मेळघाट सोडलेला होता, पण आमच्याकडे त्या संध्याकाळी पेढे वाटले.

आम्ही सेवेला म्हणून गेलो होतो. पण तिथे आधी शेजारी व्हावे लागते, आणि पडवीत बसून शेजारी होता येत नाही. रोगी येतो तेव्हा तो लहान होऊन येतो आणि आपण मोठे होतो. जंगलात उलटे असते. तिथे आम्हाला काही येत नव्हते आणि त्यांना सगळे येत होते. म्हणून आमच्या सहली, म्हणजे मुलांना घेऊन जे काही फिरणे व्हायचे ते, मला दवाखान्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

मार्च संपत आला की मोह फुलतो. शेजारची म्हातारी, सगळे तिला बुढीमायच म्हणत, आम्हाला पहाटे घेऊन जायची. मोहाची झाडे जंगलात असली तरी कोणते झाड कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली टेकवत नाही. अंधारातच निघायचे, चार-पाच जणींनी, मोठमोठ्याने बोलत. मोह अस्वलालाही तितकाच आवडतो आणि अस्वल दचकले की सरळ तोंडावर येते. म्हणून आवाज करत जायचे, त्याला वाट द्यायची. झाडाखाली पोचलो की आधी कानांनी कळायचे. टप, टप, थोडे थांबून पुन्हा टप. फुले रात्रीअखेर गळायला लागतात ती ऊन चढेपर्यंत. फिकट पिवळसर, रसरशीत, बोटात धरली की द्राक्षासारखी दबणारी. वास गोड आणि जड, हातांना दिवसभर राहतो. बुढीमाय उकिडवी बसून दोन्ही हातांनी वेचायची आणि तिची टोपली भरेपर्यंत आमच्या सगळ्यांची मिळून अर्धी व्हायची. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची जुनी रीत आहे, तिच्यामुळे वणवे लागतात. बुढीमाय झाडूने पाचोळा लोटायची. घरी आल्यावर अंगणात फुले पसरायची, दोन-तीन दिवसांत ती तांबूस आणि चिवट होतात. त्यांची दारू होते हे जगाला माहीत आहे, पण कडक उन्हाळ्यात घरात दाणा नसताना हीच फुले उकडून खातात, हे मी तिथे पाहिले. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींना पाळकाच्या बायकोने मोह वेचायला जाणे पसंत नव्हते. मी जात राहिले. ज्या फुलावर शेजारणीचे दोन महिने निघतात त्याला मी वाईट म्हणणार नाही.

कोरकू भाषा आम्ही याच फिरण्यात शिकलो. ती मराठीहिंदीच्या कुळातली नाही, संथाळी-मुंडारीच्या घरची आहे. एका मिशनऱ्याने लिहिलेले तिचे व्याकरण १९०३ साली छापले गेले होते, त्याची झेरॉक्स ह्यांच्या पेटीत होती. हे कंदिलाशी बसून त्यातले नियम पाठ करायचे आणि धाकटा नाल्यात खेळून येऊन तेच अस्खलित बोलायचा. पाण्याला डा, वाघाला कुला, हे त्याचे पहिले शब्द. मग ह्यांनी धाकट्यालाच मास्तर केले.

थोरलीला पाखरांचे वेड लागले. त्या वर्षांत जंगलात रानपिंगळा शोधणारे अभ्यासक फिरत असत. हे लहानसे घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलेच नव्हते, नामशेष झाले असे धरून चालले होते, आणि ११३ वर्षांनी, १९९७ साली, खानदेशात शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले. मेळघाटातही ते आहे असे पुढे कळले. एका अभ्यासकाने थोरलीला त्याचा फोटो दाखवला आणि खूण सांगितली. हा पिंगळा दिवसा हिंडतो, पोट पांढरे, आणि बसल्या जागी शेपटी डावीउजवीकडे झटकतो. त्यानंतर बाजाराला जाताना ती रस्त्याकडे बघेनाशी झाली. पानगळीच्या दिवसांत, साग उघडाबोडका असताना, भर अकराच्या उन्हात तिने माझा पदर ओढला. वठलेल्या फांदीवर मूठभर पाखरू बसले होते, आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघत. शेपटी हलली, डावीकडे, उजवीकडे. ती एक शब्द बोलली नाही, नुसती माझ्या हाताला घट्ट धरून होती. त्या दिवशीची बाजाराची बस आम्ही जाऊ दिली.

मुलांची दुसरी चैन म्हणजे छोटी रेल्वे. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटातून जायची आणि धूळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे. खिडकीतून खाली आपण आलो तोच रूळ दिसायचा. धाकटा तो दिसला की टाळ्या पिटायचा. नगरला जायचे असले की वाकडी वाट करूनही आम्ही याच गाडीने अकोल्याला उतरायचो. २०१७ पासून ती बंद आहे.

बुद्धपौर्णिमेला वनखाते पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची मोजदाद करायचे. उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरते, चांदणे लख्ख असते, प्राणी तिथे येतातच. मुलांना बुढीमायकडे झोपवून आम्ही दोघांनी नाव दिले. बरोबर एक कोरकू वनमजूर. दुपार कलताना चढायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. बॅटरी नाही, बोलणे नाही, डोक्याला वासाचे तेल नाही. एक तक्ता दिलेला असतो, त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी. सूर्य बुडायच्या आधी मोर आणि रानकोंबड्या आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मी मनात स्तोत्रे म्हणत होते, हे खांबाला टेकून अगदी स्थिर. मग वनमजुराने दोन बोटे वर केली. दोन अस्वले, मागच्या पिलाला पाठीवर घ्यायची गरज उरली नव्हती इतके ते मोठे. आई पाण्याशी वाकली आणि तिचा श्वास, नाकातून जोरात फुंकल्याचा, मचाणापर्यंत ऐकू आला. मध्यरात्रीनंतर रानगवे आले. इतका अवजड प्राणी इतक्या कमी आवाजात चालू शकतो यावर माझा विश्वास बसेना. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, चांदण्यात ते पायच आधी दिसले. पहाटे दूरवर सांबर ठणकले, एकदा, पुन्हा एकदा, आणि वनमजूर माझ्या कानाशी म्हणाला, "कुला." वाघ पाण्यावर आला नाही. तक्त्यात ह्यांनी त्याची नोंद केली नाही, कारण डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. सकाळी उतरल्यावर वनमजुराने आम्हाला अर्ध्या फर्लांगावर पंजाचा ठसा दाखवला. त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

त्या रात्रीनंतर तो वनमजूर घरचा झाला. पण त्यानेच एकदा सरळ विचारले, "तुम्ही आमचा धर्म बदलायला आलात का?" हा प्रश्न आम्हाला शाळेतल्या गुरुजींनी विचारला, तालुक्याच्या साहेबांनी विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे असे मी मानते. ह्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. "प्रभू येशूवर माझी श्रद्धा आहे, कुणी विचारले तर मी आनंदाने सांगतो. पण दवाखाना उघडा असताना सांगत नाही." हा नियम आमच्या घरी मोडला गेला नाही. तापलेले मूल मांडीवर असताना आई कशालाही हो म्हणेल, आणि तो हो घेणे म्हणजे तिची अडचण विकत घेणे. औषधाचे कपाट उघडे असताना बायबल आतल्या खोलीत असायचे. मंडळी त्यामुळे लहान राहिली, असे आमच्या वरिष्ठांना वाटे. ज्यांना यायचे ते रविवारी चालत येत, आपण होऊन, आणि मला तेवढे पुरे होते.

होळीला कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. कामाला बाहेरगावी गेलेली माणसेही परततात. होळीनंतर बायका-पोरे रस्त्यात आडवी येऊन फगवा, म्हणजे होळीची बक्षिशी, मागतात, ढोल-बासरी चालू असते. आम्ही नेहमी फगवा दिला, मुले नाचात गेली, आणि नाताळात तीच सगळी आमच्या पडवीत करंज्या खायला आली. त्याआधी आठवडाभर शेजारणी माझ्याबरोबर कंदिलाच्या उजेडात करंज्या लाटत. खवा गवळ्यांकडचा, चिखलदऱ्याच्या अंगाचा, तसा घट्ट खवा मी आजवर दुसरीकडे पाहिला नाही.

पावसाळा मात्र कठीण. नाले फुगले की गाव तुटायचे, बस नाही, भाजी नाही. जुलै-ऑगस्टात घराघरांतला दाणा संपतो आणि नेमके तेव्हाच हगवण आणि हिवताप येतात. मेळघाटात मुले का दगावतात हे समजायला मोठे अहवाल लागत नाहीत, त्या दोन महिन्यांत एखाद्या घराच्या चुलीजवळ बसावे. आम्ही जूनच्या आधी तांदूळ, डाळ, गूळ आणि मीठ-साखरेची पाकिटे भरून ठेवायचो. तरी सगळी मुले वाचली नाहीत. त्यांतल्या काहींना ह्यांनी आईबापांच्या बरोबरीने खांदा दिला. कोरकू आपल्या माणसाला मातीत देतात आणि पुढे त्याच्या नावाने कोरलेली सागाची फळी उभी करतात, तिच्यावर घोडेस्वार, वर चंद्रसूर्य. अशा विधींना बोलावणे आले तर आम्ही जायचो, मागे उभे राहायचो.

पाऊस सरून ज्वारी-भात घरात आले की आमच्या मंडळीत सुगीचा सण. नगरकडे असतो तसाच, पहिले पीक देवापुढे आणायचे आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव. मेळघाटात लोक कुटकीची, म्हणजे तिथल्या बारीक भरड धान्याची, टोपली आणायचे, तुरीच्या शेंगा, कोंबडी, मध, एकदा तर नुसती आवळ्यांनी लगडलेली फांदी. लिलावाला सगळे गाव कुंपणाशी जमायचे. आमच्या शेवटच्या वर्षी बुढीमायने तिच्या परसातला भोपळा आणला, दोन्ही हातांनी उचलावा एवढा. ह्यांनी बोली सुरू केली. कुंपणापलीकडून भूमकाने ती वाढवली. हे पुन्हा वर गेले, भूमकाही गेला, पोरे ओरडायला लागली. शेवटी भोपळा भूमकाकडे गेला. त्याने कनवटीच्या नोटा सरळ करून माझ्या हातात मोजल्या आणि भोपळा खांद्यावर घेऊन निघाला. त्या वर्षीचा लिलावाचा सगळा पैसा औषधांच्या खात्यात जमा केला, आणि पुढच्या बाजाराला मी धारणीहून मीठ-साखरेची पाकिटे आणि बाळांचे खोकल्याचे औषध घेऊन आले.